थायलंडमध्ये बेताच्या पुंजीवर निवृत्तीनंतरचा मुक्काम: हिशोब कुठून सुरू करावा

निवृत्तीनंतर थायलंडमध्ये जाऊन राहावे असे ज्यांच्या मनात येते, ते बहुधा पहिली चौकशी घरभाड्याची करतात. उत्तर थायलंडमधील चिआंग माईसारख्या शहरात दहा-बारा हजार बाथमध्ये नीटनेटका, सामानसुमानासह फ्लॅट मिळतो, हे कळले की उरलेला हिशोब आपोआप जुळेल असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात भाडे ही या खर्चातली सर्वांत सोपी बाब आहे. बेताचे उत्पन्न असणाऱ्याने आधी पाहायचे ते व्हिसासाठी किती रक्कम अडकून पडणार आहे, आजारपणाचा पैसा त्याखेरीज वेगळा आहे की नाही, आणि दोन वर्षांनी परत यावेसे वाटले तर इकडचे दार उघडे राहील की नाही. पुढील मजकुरात एक बाथ म्हणजे पावणेतीन रुपये असा दर धरला आहे. तो वरखाली होत असतो, आणि गेल्या काही वर्षांत तो रुपयाच्या बाजूने फारसा झुकलेला नाही, हे हिशोब मांडताना ध्यानात ठेवावे.

थायलंडमध्ये निवृत्त म्हणून राहण्यासाठी वयाची पन्नास वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात आणि नोकरी करता येत नाही. आर्थिक अट दोन प्रकारांनी पूर्ण करता येते: एक तर थाई बँकेत ८,००,००० बाथ ठेवायचे, किंवा दरमहा ६५,००० बाथ उत्पन्न दाखवायचे, दोन्हींचा मेळ घालून वर्षाला आठ लाख भरले तरी चालतात. पासष्ट हजार बाथ म्हणजे महिना पावणेदोन लाखांहून अधिक रुपये. राज्य सरकारच्या किंवा बँकेच्या सर्वसाधारण निवृत्तिवेतनात हा आकडा बसत नाही, आणि गंमत अशी की राहण्याला तेवढा खर्च येतही नाही. त्यामुळे बेताच्या पुंजीवाल्याला ठेवीचाच मार्ग उरतो: सुमारे बावीस लाख रुपये एकदा तिकडे न्यायचे आणि महिन्याचा खर्च निवृत्तिवेतनातून भागवायचा. पती-पत्नी दोघे जाणार असतील, तर एकाने मुख्य अर्जदार व्हावे आणि दुसऱ्याने त्याच्यावर अवलंबून असलेला जोडीदार म्हणून अर्ज करावा, म्हणजे ठेव एकच पुरते. खाते मात्र मुख्य अर्जदाराच्या एकट्याच्या नावावर असावे. आपल्याकडे ‘दोघांपैकी कोणीही’ असे खाते काढण्याची सवय असते, ती तिथे अडचणीची ठरते.

व्हिसाचे दोन प्रकार कानावर येतात. ‘ओ-ए’ हा आपल्या देशातूनच घ्यायचा एका वर्षाचा व्हिसा असून त्याला पोलिसांचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि तीस लाख बाथ संरक्षणाचा आरोग्य विमा लागतो. साधा ‘नॉन-इमिग्रंट ओ’ हा ९० दिवसांचा असतो आणि तिथे गेल्यावर त्याला एका वर्षाची मुदतवाढ मिळवता येते. या मुदतवाढीला विम्याची सक्ती नाही. साठी उलटलेल्या माणसाला विम्याचा हप्ता किती जड जातो हे पाहता बहुतेकांनी दुसरा मार्ग धरावा असे माझे मत आहे, पण त्यात दिवसांची मोजणी काटेकोर ठेवावी लागते. मुदतवाढीचा अर्ज करताना आठ लाख बाथ खात्यात किमान दोन महिने पडून असले पाहिजेत, आणि व्हिसा तर नव्वदच दिवसांचा. म्हणजे उतरल्यापासून पहिल्या तीस दिवसांत पत्त्याचा दाखला मिळवणे, खाते उघडणे आणि भारतातून पैसे येऊन जमा होणे, एवढे सगळे उरकायला हवे. पर्यटक म्हणून गेलेल्याला बँका सहसा खाते उघडून देत नाहीत, आणि एकाच बँकेच्या दोन शाखांत दोन वेगळी उत्तरे मिळतात. आम्हाला पहिल्या शाखेतून हात हलवीत परत यावे लागले होते; तिसऱ्या शाखेत तीच कागदपत्रे अर्ध्या तासात चालली. पहिला आठवडा फिरण्यात घालवू नये तो यासाठी.

पैसे नेण्याचीही वेळ साधावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, तेव्हा मर्यादेचा प्रश्न येत नाही. प्रश्न येतो तो उगमस्थानी वसूल होणाऱ्या कराचा. एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंत हा कर लागत नाही, आणि शिक्षण व उपचार सोडून अन्य कारणांसाठी त्यापुढच्या रकमेवर २० टक्के कापले जातात. बावीस लाख एकाच वर्षात पाठवले तर बारा लाखांवर दोन लाख चाळीस हजार बँक कापून घेईल. विवरणपत्र भरल्यावर ते परत मिळतात, पण तोवर ते हातात नसतात. त्यापेक्षा दहा लाख मार्चमध्ये आणि उरलेले एप्रिलमध्ये पाठवावेत, म्हणजे कापणी फक्त दोन लाखांवर, चाळीस हजारांची होते. त्यासाठी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तिथे पोचावे. पैसे परदेशातून आल्याचा बँकेचा दाखला जपून ठेवावा, कारण इमिग्रेशन कार्यालयात तो मागतात.

मुदतवाढ मिळाली, १,९०० बाथ शुल्क भरले, म्हणजे वर्षभर निश्चिंती असे नाही. मंजुरीनंतर तीन महिने ते आठ लाख तसेच राहू द्यावे लागतात आणि त्यानंतरही शिल्लक चार लाखांच्या खाली जाता कामा नये. पुढच्या अर्जाच्या दोन महिने आधी पुन्हा आठ लाख पूर्ण हवेत. दर ९० दिवसांनी आपला पत्ता कळवायचा असतो आणि घरमालकानेही आपण राहायला आल्याची नोंद चोवीस तासांत करायची असते. ही नोंद मालकाचे काम असले तरी तिच्या अभावी अडते ते आपले, म्हणून करार करतानाच तिची विचारणा करावी. सर्वांत महागात पडणारी चूक वेगळीच आहे. देशाबाहेर पडण्यापूर्वी पुनःप्रवेशाचा परवाना घेतला नाही, तर विमान सुटताच मुदतवाढ संपुष्टात येते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. एका वेळेसाठी हा परवाना १,००० बाथला आणि अनेक वेळांसाठी ३,८०० बाथला मिळतो. भाच्याच्या लग्नाला घाईघाईने निघालेल्या माणसाच्या हे नेमके ध्यानातून जाते.

तारखांविषयी एक सूचना. थाई कागदपत्रांत बौद्ध संवत असतो आणि तो इसवी सनाच्या ५४३ वर्षांनी पुढे आहे. भाडेकरारावर २५६९ दिसले तर ते २०२६ समजावे. पासबुकात कधी नुसते ‘६९’ छापलेले असते, आणि आपल्यासारख्याला ते क्षणभर स्वतःचे वयच वाटते.

आता मूळ प्रश्न: कायमचे जावे की अर्धे वर्ष? बेताच्या पुंजीवाल्याने अर्धेच वर्ष जावे, असे मी आग्रहाने सांगेन, आणि त्याची कारणे कराच्या व बँकेच्या नियमांत आहेत. अनिश्चित काळासाठी देश सोडला की आपण अनिवासी ठरतो, बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीचे रुपयांतले खाते, करावे लागते, त्यातील व्याजावर ३० टक्क्यांच्या घरात कर कापला जातो आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवी रक्कम गुंतवता येत नाही. घर भाड्याने दिले तर अनिवासी मालकाच्या भाड्यातून कर कापून भरण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते, आणि असा भाडेकरू शोधून सापडत नाही. थायलंडच्या बाजूनेही १ जानेवारी २०२४ पासून नियम कडक झाला आहे: कॅलेंडर वर्षात १८० दिवस किंवा अधिक तिथे राहिलेल्याने त्या तारखेनंतर मिळवलेले परदेशी उत्पन्न देशात आणले, तर ते करपात्र धरले जाते. दोन देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण त्याचा लाभ घ्यायला कागदपत्रे आणि सनदी लेखापाल दोन्ही लागतात. उलट वर्षाला १७० दिवसांपर्यंतच तिकडे राहिले आणि बाकीचा काळ घरी घालवला, तर सर्वसाधारणपणे आपण भारताचेच निवासी राहतो आणि यातले बहुतेक उपद्व्याप टळतात. निवासी म्हणून एक काम मात्र चुकवू नये: थाई खाते विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दाखवावेच लागते, आणि ते न दाखवल्यास दहा लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

अर्धे वर्ष कोणते, याचे उत्तर चिआंग माईचे आकाशच देते. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत उत्तर थायलंडमध्ये शेतातील खुंट आणि जंगल जाळल्याचा धूर खोऱ्यात कोंडतो. शहरालगतचा दोई सुतेप डोंगर दिवसचे दिवस दिसत नाही आणि दमेकऱ्याने तर तिथे थांबूच नये. आपल्याकडे तेव्हा हापूसचे दिवस असतात, त्यामुळे परतण्याचा निर्णय फारसा जड जात नाही. पहिल्या वर्षी पैसे पाठवण्याच्या सोयीसाठी आणि मुदतवाढीसाठी धुराचे दिवस सोसावे लागतील, आणि शहर आपल्याला झेपते का हे पाहायला ते वाईटही नाही. नोव्हेंबर ते जानेवारी हवा नाशिकच्या हिवाळ्यासारखी सुखद असते. ज्यांना धूर नको आणि समुद्र हवा, त्यांनी बँकॉकच्या नैर्ऋत्येला सुमारे दोनशे किलोमीटरवरचे हुआ हिन पाहावे. निवृत्तिवेतन राज्य शासनाचे वा केंद्राचे असेल, तर नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला चेहरा ओळखणाऱ्या मोबाइल अॅपवरून देता येतो की नाही, याची खात्री निघण्यापूर्वी आपल्या कोषागारात वा बँकेत करून घ्यावी.

आजारपणाच्या बाबतीत लोक स्वतःची फसवणूक करून घेतात. खात्यात आठ लाख बाथ आहेत, तेच अडीअडचणीला कामी येतील असे ते धरून चालतात. पण ती रक्कम खर्च केली की मुदतवाढ जाते, म्हणजे आजारपण आणि व्हिसा ही दोन्ही संकटे एकाच आठवड्यात दाराशी येतात. त्या ठेवीला देवघरातल्या चांदीच्या भांड्यांसारखे समजावे: आहेत, पण वापरात नाहीत. त्याखेरीज निदान तीन-चार लाख बाथ चटकन काढता येतील असे वेगळे ठेवावेत. तिथली खासगी रुग्णालये उत्तम आहेत आणि त्यांची बिलेही त्या मानाने असतात. सरकारी रुग्णालये बरीच स्वस्त आहेत, पण परदेशी माणसाला दर वेगळे लागतात आणि रांगेत सकाळ जाते. भारतातील बहुतेक आरोग्य विमे भारतातीलच उपचारांना लागू असतात, तरीही ते बंद करू नयेत. मोतीबिंदू, गुडघा, दात यांसारखी ठरवून करता येणारी कामे घरी आल्यावर करावीत. बँकॉकहून मुंबई चार-साडेचार तासांवर आहे. स्कूटर चालवायची असेल, तर आंतरराष्ट्रीय परवान्यावर दुचाकीची नोंद असल्याशिवाय चालवू नये, कारण अपघात झाल्यास विमा कंपनी आधी तेच पाहते. चिआंग माईत लाल रंगाच्या, मागे बाकडी असलेल्या गाड्या, ज्यांना तिथे सोंगथेऊ म्हणतात, हात दाखवताच थांबतात. साठीनंतर तेच वाहन बरे.

घर घेताना दोन महिन्यांची अनामत आणि एक महिन्याचे आगाऊ भाडे देण्याची रीत आहे. भाड्यापेक्षा विजेचा दर आधी विचारावा. सरकारी दर युनिटला चार बाथच्या आसपास असताना अनेक इमारतींचे मालक सात-आठ बाथ लावतात, आणि एसी चालू असला की स्वस्त फ्लॅट महाग होतो. किल्ली घेतानाच मीटरचा आणि भिंतीवरच्या प्रत्येक डागाचा फोटो काढून मालकाला पाठवावा. विकत घेण्याच्या फंदात निदान पहिली तीन वर्षे पडू नये. परदेशी माणसाला जमीन घेता येत नाही. इमारतीतील एकूण क्षेत्राच्या ४९ टक्क्यांपर्यंतचे फ्लॅट परदेशी लोकांच्या नावे होऊ शकतात, पण ते विकायला निघाल्यावर गिऱ्हाईक मिळतेच असे नाही.

शाकाहारी मंडळींनी एक अक्षर ओळखायला शिकावे. पिवळ्या पाटीवर लाल रंगात, दिसायला इंग्रजी सतरा आकड्यासारखी खूण असेल, तर त्या दुकानात ‘जे’ म्हणजे मांस-मासे, अंडी आणि कांदा-लसूणही वर्ज्य असलेले अन्न मिळते. इतरत्र नुसते ‘भाजी द्या’ म्हटले तर भाजी मिळते, पण तिच्यात नाम प्ला, म्हणजे माशाचे खारवलेले पाणी, पडलेले असते आणि पपईच्या कोशिंबिरीतही ते असते. घरी रांधणे केव्हाही बरे. ओला नारळ, चिंच, केळफूल असे जवळजवळ सगळे कोकणी जिन्नस बाजारात असतात, कढीपत्ता तेवढा नसतो. कोथिंबिरीची जुडी मुळांसकट विकतात. मुळे टाकून न देता मिरचीबरोबर वाटली तर आमटीला वेगळाच वास येतो. तूरडाळ आणि कणीक भारतीय दुकानांतून आणावी लागते आणि ती महाग पडते.

दोघांचा चिआंग माईतला महिन्याचा खर्च मी असा मांडतो: भाडे १२,०००, वीज-पाणी २,०००, फोन व इंटरनेट १,०००, खाणेपिणे १२,०००, प्रवास ३,०००, औषधे व किरकोळ ५,०००, एकूण ३५,००० बाथ, म्हणजे शहाण्णव हजार रुपयांच्या घरात. विमा, विमानभाडे आणि बंद घराचा सोसायटी मेंटेनन्स यांत धरलेला नाही. पुण्या-नाशिकला स्वतःच्या घरात राहणाऱ्याला हे स्वस्त नाही. मुंबईत भाडे भरणाऱ्याला आहे.

निघण्यापूर्वीचे शेवटचे काम इच्छापत्राचे. खातेदार गेल्यावर थाई बँक न्यायालयाच्या आदेशाशिवाय रक्कम सोडत नाही, म्हणून तिथल्या ठेवीपुरते थाई भाषेतले छोटे इच्छापत्र तिथल्या वकिलाकडून करून घ्यावे आणि त्याची एक प्रत, पासबुकाच्या पहिल्या पानाच्या छायाप्रतीसह, इकडे घराची किल्ली ज्यांच्याकडे ठेवतो त्यांच्याकडेच ठेवावी.