कर्जतकडे ओंडक्यांचं घर बांधायचंय? आधी पावसाचा विचार करा

मुंबईत राहणाऱ्या बऱ्याच जणांच्या मनात असतं की कर्जत, मुरबाड नाहीतर अलिबागकडे छोटं लाकडी घर असावं, ओंडक्यावर ओंडका रचून बांधलेलं, नॉर्वे फिनलंडकडे असतं तसं. बांधता येतं, नक्की येतं. पण मुंबईतच चार महिन्यांत २००० मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, घाटाच्या पायथ्याला त्याहून जास्त, वर वाळवी आहेच, त्यामुळे तिकडचा प्लॅन जसाच्या तसा उचलू नका.

जमिनीचं थोडक्यात सांगतो. शेतकरी नसाल तर एनए (बिनशेती) प्लॉटच बघा, सातबारा नीट वाचा, आणि माथेरानच्या आसपास असेल तर इको सेन्सिटिव्ह झोनमध्ये (पर्यावरणासाठी बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्यात) येतो का ते आधी विचारा, तो झोन २००३ पासून आहे.

सगळ्यात जास्त जीव लावा जोत्यावर. काळ्या दगडाचं, निदान दोन-अडीच फूट उंच. पाया भरायच्या आधीच मातीला वाळवीचं औषध मारून घ्या, नंतर ते तितकं नीट होत नाही. आणि छपराची वळचण तीन-चार फूट बाहेर काढा, जमलं तर चारही बाजूंनी पडवीच करा. कोकणातली जुनी घरं बघा ना, पडवी उगाच नसायची, पागोळ्या भिंतीपासून लांब पडल्या की खालचे ओंडके कोरडे राहतात, आणि कोरडं लाकूड सहसा कुजत नाही.

लाकूड घ्यायला रे रोडच्या बाजारात एक चक्कर मारा, भाव आणि जाती दोन्ही कळतात. सागाचे अख्खे ओंडके खूप महाग पडतात, आणि सागाचाही बाहेरचा फिकट भाग वाळवी खातेच. म्हणून प्रेशर ट्रीटमेंट केलेलं, म्हणजे दाबाने औषध आतपर्यंत मुरवलेलं पाइन बरं पडतं. नुसतं ब्रशने बोरॅक्स लावून भागवू नका, ते पाण्यात विरघळतं, वरून तेलाचा किंवा स्टेनचा हात नसेल तर पावसात धुऊन जाईल. ट्रीटमेंटनंतर जिथे जिथे कापाल तिथे परत औषध लावा, सुतार हे हमखास विसरतात.

कोपऱ्यावरची खाच नेहमी वरच्या ओंडक्याच्या पोटाला घ्या, खालच्याच्या पाठीवर घेतली तर तिथे पाणी साचतं.

आता एक गोष्ट जी इथल्या बऱ्याच गवंडी-सुतारांना सवयीची नसते. लाकूड सुकताना जाडीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही, त्यामुळे ओंडके ओले असतील तर आठ फुटांची भिंत तीन-चार इंच सहज खाली बसते. म्हणून दारं-खिडक्यांच्या चौकटीवर तेवढी फट ठेवा, ती पट्टीने झाका, पण पट्टी फक्त ओंडक्याला किंवा फक्त चौकटीला ठोका, दोन्हींना नाही, आणि उभ्या खांबांखाली स्क्रू जॅक (फिरवून उंची कमी-जास्त करता येणारा टेकू) द्या म्हणजे भिंत बसेल तसा खांब खाली घेता येईल. फट ठेवली नाही तर खिडक्या जाम होतात, काचा तडकतात.

कामाचा क्रम असा धरा की जोतं मे अखेरपर्यंत उरकायचं, पावसाळाभर ते तसंच राहू द्यायचं, ओंडके दिवाळीनंतर चढवायचे आणि मार्चपर्यंत छप्पर घालायचं. मग पहिल्या पावसाळ्यात जोराची झड असेल त्या दिवशी तिथे जाऊन थांबा, बाहेरून फिरा, भिंत जिथे भिजते तिथे खूण करा आणि दिवाळीनंतर तेवढ्या बाजूची वळचण वाढवून घ्या.