जुन्या मालिकांचे भाग जमवून राहिले? मग या चुका टाळा

आपल्या इकडे विदर्भात जुन्या सिरियल पाहणारे लोक आता कपाटावरच्या कॅसेट काढून राहिले, सीडीची पाकिटं शोधून राहिले, आणि हे लय चांगलं आहे, पण घाईघाईत जे शिल्लक राहिलं होतं तेही हातचं जाऊन राहिलं म्हणून हे लिहितो.

पहिले एक हिशोब समजून घ्या. चार दिवस सासूचे ही मालिका ईटीव्ही मराठीवर 2001 ला सुरू झाली अन 2013 ला संपली, भाग तीन हजाराच्या वर. साध्या तीन तासांच्या व्हीएचएस कॅसेटमध्ये जाहिराती धरून अर्ध्या-अर्ध्या तासाचे सहा भाग मावते, म्हणजे अख्खी मालिका भरून ठेवायची तर पाचशेच्या वर कॅसेट पाहिजे होत्या, तेवढ्या कोणाच्या घरी असणार. त्यामुळे त्यातल्या सासूच्या, आशालता देशमुखांच्या, घरातलं जे काही आपल्याकडे उरलं ते तुकड्यातुकड्यांत आहे, एक तुकडा दर्यापूरकडे निघंल तर दुसरा आर्वीकडे.

म्हणून सगळ्यात मोठी चूक म्हणजे अर्धवट भाग फेकून देणं. "यात मधात लाईट गेली होती, कामाचं नाही" असं म्हणून कॅसेट भंगारवाल्याला देऊन टाकतात. अरे पण लोडशेडिंग सगळ्या गावांत एकाच टायमाला नव्हतं ना! 2005 च्या आसपास अन पुढची काही वर्षं खेड्यात बारा-बारा तास लाईट नसायची, पण ती फिडरप्रमाणे, म्हणजे विजेच्या लाईनप्रमाणे, जायची, तुमच्या गावात साडेसातला गेली तर बाजूच्या गावात नऊला. तुमच्याकडे भागाची सुरुवात अन त्यांच्याकडे शेवट, दोन्ही जोडले की भाग पुरा. तर पाच मिनिटं असली तरी ठेवा, अन कोणत्या ठिकाणी तुटलं ते लिहून ठेवा.

आता कॅसेट. मोठ्या आईच्या पेटीतून निघाली की लगेच व्हीसीआरमध्ये, म्हणजे कॅसेट चालवायच्या मशीनमध्ये, टाकू नका. आधी खिडकीतून, म्हणजे कॅसेटच्या त्या पारदर्शक काचेतून, उजेडात रिळाची कड पाहा. काळी अन गुळगुळीत असली तर ठीक, पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी आहे. तशीच लावली तर बुरशी हेडला, म्हणजे व्हीसीआरमधल्या रीळ वाचणाऱ्या भागाला, लागते अन तिथून पुढच्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत बाजूला ठेवा, साफ करता येणाऱ्यालाच द्या.

लोकांना वाटते का आपल्याकडे एवढं ऊन, मे महिन्यात 45-46 डिग्री, इथं कशाची बुरशी? पण आपण त्याच खोलीत कूलर लावतो ना. मार्चपासून पावसाळ्यापर्यंत ओली हवा त्या खोलीत खेळते, वरून पावसाळा, अन टीव्हीच्या खालच्या खणात कॅसेट. घरात ज्या खोलीत कूलर नाही, जिथं भिंतीला ओल नाही अन पत्र्याचा ताव खाली येत नाही, तिथं खालच्या बाजूला उभ्या ठेवा, पुस्तकासारख्या, आडव्या थप्पी मारून नाही. आणखी एक, दिवाळीनंतर कापूस घरात भरून असतो तेव्हा व्हीसीआर उघडा ठेवू नका, ते बारीक तंतू आत जाऊन बसतात अन मग चित्रावर पांढऱ्या रेघा येतात, अन लोक म्हणतात कॅसेट खराब. कॅसेट बरी असते, हेड घाण असते.

व्हीसीआरची बटणं दाबण्याआधी कॅसेटच्या मागच्या कडेची प्लास्टिकची छोटी टॅब मोडून टाका, ती असली की चुकून रेकॉर्ड होऊ शकते, अन जुन्या भागावर आजची काळी पट्टी चढली का गेलं. व्हीसीआर जपून वापरा, जगात शेवटपर्यंत व्हीसीआर बनवणाऱ्या फुनाई कंपनीनं 2016 मध्येच ते बंद केलं, नवीन मिळत नाही, जुना दुरुस्त करणारे पण कमी झाले.

कॉम्प्युटरवर घेतानाच्या तक्रारी बहुतेक सारख्याच असतात. चित्र काळं-पांढरं येते किंवा वरखाली फिरते, तर कॅप्चरच्या, म्हणजे कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायच्या, सॉफ्टवेअरमध्ये एनटीएससी ही अमेरिकेकडची टीव्ही पद्धत निवडलेली असते, आपल्याकडची पद्धत पाल आहे, तिथं पाल करा. आवाज एकाच कानात येते, तर व्हीसीआर मोनो आहे, एकच आवाजाची पिन आहे, ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्हीकडे कॉपी करून घेता येते. आवाज चिमणीसारखा पळून राहिला अन चित्र जोरात जाऊन राहिलं, तर कॅसेट लाँग प्लेवर भरलेली आहे, सहा तासवाली, त्याला दोन्ही स्पीड चालवणारा व्हीसीआर पाहिजे, कॅसेटला दोष देऊ नका. खालच्या बाजूला हलणारी पट्टी, तर ट्रॅकिंगचं बटण फिरवा. हलचाल झाली की कडांना कंगव्यासारख्या रेघा दिसतात, ते इंटरलेस्ड चित्र आहे, म्हणजे एकाआड एक ओळींनी बनलेलं, मूळ फाईल तशीच राहू द्या अन पाहायसाठी वेगळी कॉपी काढून त्यात त्या रेघा काढा, त्याला डीइंटरलेस म्हणतात. अन हो, जुनं चित्र चार बाय तीनचं असते, ते मोठ्या टीव्हीभर ताणू नका, मालिकेतली सून अनुराधा रुंद दिसते अन तसंच जपून ठेवलं जाते.

तालुक्याच्या ठिकाणी लग्नाचं शूटिंग करणारे लोक कॅसेटचं डीव्हीडी करून देतात, चांगली सोय आहे, पण देतानाच सांगा का भाऊ, यावर तुमचं नाव टाकू नका, म्युझिक टाकू नका, जाहिराती कापू नका, अन मूळ फाईल पेनड्राईव्हमध्ये द्या. एका स्टुडिओनं आमच्या इकडच्या एका ताईला पूर्ण भागावर बासरी चढवून दिली होती, संवादच ऐकू येईना.

जाहिराती कापायच्या नाहीत हे मी मुद्दाम सांगतो. पुष्कळ लोक "फालतू भाग" म्हणून काढून टाकतात अन नंतर तारीख शोधत बसतात. तारीख तर त्या जाहिरातींतच असते! पल्स पोलिओचा रविवार, दिवाळीचा सेल, निवडणुकीचं काही, बातम्यांची खालची पट्टी, येणाऱ्या मालिकेची घोषणा. चॅनलचा लोगो पण कामाचा. अल्फा मराठीचा लोगो असला तर ते आधीच्या वर्षांतलं, तेच पुढं झी मराठी झालं, अन ईटीव्ही मराठीचा लोगो असला म्हणजे मार्च 2015 च्या आधीचं, कारण तेव्हा ते कलर्स मराठी झालं. दुपारी दाखवलेला भाग पुनःप्रक्षेपणाचा असू शकतो, त्यामुळं पडद्यावर घड्याळ दिसलं म्हणून तारीख ठरवू नका.

फाईलचं नाव "नवीन फोल्डर 2 फायनल" ठेवलं का तो भाग हरवलाच समजा. पहिले वर्ष, मग महिना, मग तारीख, मग मालिका अन भाग, भागाचा आकडा चार अंकी, 0812 असा, नाहीतर 1000 च्या पुढं फाईलींचा क्रम बिघडते. तारीख माहीत नसली तर "तारीख नाही" लिहा, अंदाजानं टाकू नका, अंदाज पुढं खरं बनते.

पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून टाकू नका, तो दाबून पाठवला जाते अन चार जणांनी पुढं पाठवला का चेहरा ओळखू येत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, 2 जीबीपर्यंत जाते. पेनड्राईव्हमध्ये 4 जीबीच्या वरची फाईल घुसत नसली तर पेनड्राईव्ह एफएटी32 या जुन्या फॉरमॅटचा आहे, फॉरमॅट करून एक्सफॅट करा, पण फॉरमॅटनं आतलं सगळं उडते हे लक्षात ठेवा, आधी बाहेर काढा. अन एकाच ठिकाणी ठेवू नका, एक घरी, एक दुसऱ्या गावातल्या कोणाकडे तरी.

जुन्या भागांच्या चर्चेत भांडणं होतात ती बहुतेक आठवणीवरून. एक म्हणते त्या भागात अमुक बोलली होती, दुसरी म्हणते नाही, अन दोघी खऱ्या असू शकतात कारण लाईट वेगवेगळ्या वेळी गेलेली. आजी, मावशी यांच्याकडून ऐकलेलं आवर्जून नोंदवा, पण "मोठ्या आईनं सांगितलं" असं लिहून नोंदवा, पाहिलेलं अन ऐकलेलं एकात करू नका. नटांवरचा राग पात्रांच्या नावानं काढणं पण थांबवा, खलनायिका झालेल्या बाईनं तिचं काम चांगलं केलं म्हणून तर आपण अजून बोलून राहिलो.

पूर्ण भाग यूट्यूबवर टाकायचा मोह आवरा. हक्क चॅनलचे अन निर्मात्यांचे असतात, कॉपीराईट कायद्याच्या कलम 52 मध्ये खाजगी वापर, अभ्यास अन समीक्षेला सूट आहे, अख्खा भाग टाकण्याला नाही. 90 दिवसांत तीन स्ट्राईक, म्हणजे कॉपीराईटच्या तक्रारीवरून यूट्यूबचे इशारे, आले का तुमचं यूट्यूब चॅनल बंद, अन त्यावरची सगळी मेहनत गेली.

शेवटी कोणाची कॅसेट आणली असंल तर परत देताना सुरुवातीचा भाग तपासा. बऱ्याच कॅसेट लग्नाच्या असतात, उरलेल्या शेपटावर सिरियल भरलेली असते. ते लग्न घरच्यांचं आहे, ग्रुपवर टाकायचं नाही, वेगळं कापून पेनड्राईव्हमध्ये त्यांनाच द्यायचं अन कॅसेटसोबत विचारायचं का आणखी आहे का घरी.