‘अक्षय्य’ लिहिताना या चुका टाळा

‘अक्षय्य’मधला जोड य टंकदोष समजून खोडणारे पुष्कळ. तो खोडू नका. क्षय म्हणजे झीज, घट; ज्याला ती नाही ते ‘अक्षय’. ‘क्षय्य’ म्हणजे ज्याचा क्षय होऊ शकतो असे, आणि ते जिथे शक्यच नाही ते ‘अक्षय्य’. या एका छटेसाठी संस्कृत व्याकरणकार पाणिनीने सूत्र खर्ची घातले आहे: ‘क्षय्यजय्यौ शक्यार्थे’ (अष्टाध्यायी ६.१.८१). एरवी ‘क्षि’ आणि ‘जि’ या धातूंपासून क्षेय, जेय अशी रूपे होतात. ‘शक्य’ हा अर्थ असेल तेव्हाच क्षय्य, जय्य. म्हणून जंजिऱ्यासारख्या किल्ल्याला काटेकोर संस्कृतात ‘अजेय’पेक्षा ‘अजय्य’ शोभेल. आपल्याला अर्थात ‘अजिंक्य’ पुरतो.

तेव्हा अक्षय तृतीया आणि अक्षय्य तृतीया, दोन्ही बरोबर. एका लेखात एकच रूप ठेवा, एवढेच. ‘तृतिया’ मात्र चूक.

अक्षय, अक्षत, अक्षर यांना सख्खी भावंडे ठरवण्याची घाईही नको. अक्षत ‘क्षण्’ म्हणजे इजा करणे यावरून आला; अक्षतांना अखंड तांदूळ लागतात ते यामुळेच. अक्षराचा धातू सहसा ‘क्षर्’ सांगतात: गळणे, पाझरणे. पाणिनीच्या सूत्रांवर ‘महाभाष्य’ लिहिणाऱ्या पतंजलीने मात्र ‘न क्षीयते’ (झिजत नाही) आणि ‘न क्षरति’ (गळत नाही) असे दोन्ही अर्थ दिलेत, शिवाय तिथेच ‘अश्’ म्हणजे व्यापणे हाही पर्याय आहे. अडीच अक्षरांच्या व्युत्पत्तीवर छातीठोक पोस्ट टाकणाऱ्यांनी हे वाचावे!

आणखी एक चूक: ‘अक्षय’ दिसला की न संपणारा खजिना असा अर्थ लावणे. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्र. १० च्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा कोरीव लेख आहे. त्यात ‘अक्षयनीवी’ म्हणून ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) दिल्याची नोंद आहे. नीवी म्हणजे मुद्दल. रक्कम गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे ठेवली. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. त्यातल्या २,००० वर दरमहा शेकडा १, म्हणजे वर्षाला २४०. त्यातून लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातला मुक्काम) करणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२. इथले अक्षयत्व धातूच्या नाण्यांचे नाही, दात्याने घातलेल्या अटीचे आहे. आज संस्था ज्याला ‘कायम निधी’ म्हणतात, तोच प्रकार.