लॉकरची किल्ली कोणाकडे? : लग्नातल्या लपवाछपवीवर थरारकादंबरी कशी रचावी

नवरा-बायकोभोवती फिरणाऱ्या थरारकादंबरीत प्रेत लागतंच असं नाही. एका छताखाली राहणाऱ्या दोघांपैकी कोणाला किती माहीत आहे, आणि ते माहीत असल्याचा समोरच्याला पत्ता आहे का, एवढ्यावर साडेतीनशे पानं पेलता येतात. मात्र त्यासाठी दोन गुपितं लागतात. एकाच्याच पोटात गुपित असेल तर दुसरा नुसता शोधत बसतो आणि गोष्ट पोलिसी चौकशीच्या वळणावर जाते.

ही दोन गुपितं एकमेकांना कडी घालणारी हवीत. उदाहरणार्थ, इंदूरच्या रामबागेतलं घर, लग्नाला अकरा वर्षं. नवऱ्याची नोकरी चौदा महिन्यांपूर्वी गेली आहे, तरी तो रोज डबा घेऊन बाहेर पडतो. बायकोनं भावाचं कर्ज फेडायला तोडे-पाटल्या मोडल्या आणि लॉकरमध्ये तसेच दिसणारे एक ग्रॅमचे, म्हणजे मुलाम्याचे, दागिने ठेवले. हातातला पैसा संपल्यावर नवरा गुपचूप लॉकरमधल्या पाटल्या सोनेतारणाला नेतो. काउंटरवरचा माणूस कसोटीला घासतो आणि काही न बोलता परत सरकवतो. आता नवऱ्याची गोची बघा: पाटल्या कुठे गेल्या हे विचारायचं, तर लॉकर का उघडला हे आधी सांगावं लागेल. त्याच्या गुपितानंच त्याचं तोंड बंद केलं. तुमच्या कथानकाला हीच परीक्षा लावा. चहा पिताना एक सरळ प्रश्न विचारून दोघांपैकी कोणी नवव्या प्रकरणातच कादंबरी संपवू शकत असेल, तर कडी बसलेली नाही.

मग वही घ्या. पाच रकाने आखा: तारीख-वार, खरं काय घडलं, नवऱ्याला काय वाटतं, बायकोला काय वाटतं, वाचकाला काय सांगितलं. प्रत्येक प्रसंगाला एक ओळ. लिहिताना सगळ्यांत जास्त उपयोग पाचव्या रकान्याचा होतो, आणि बहुतेक जण नेमका तोच गाळतात. मग तिसाव्या प्रकरणात ‘हे आपण आधी सांगितलं होतं का?’ म्हणून मागची दोनशे पानं चाळायची वेळ येते.

वारसुद्धा खरे असू द्या. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँक बंद असते. त्या दिवशी तुमचं पात्र लॉकर उघडू शकत नाही. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे जानेवारी २०२२ पासून लॉकर उघडला की त्याच दिवशी तारीख-वेळेसह नोंदवलेल्या मोबाइलवर मेसेज जातो. लॉकर दोघांच्या नावावर असेल तर कोणाचा नंबर नोंदवलाय, हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. कथानक २०२२ च्या मागे ढकलून सुटका करून घेता येते, पण ही अडचण वापरणंच फायद्याचं. मेसेज बायकोच्या मोबाइलवर येऊ द्या. ती पोळ्या लाटताना वाचते, पिठाच्या बोटानं तो पुसून टाकते आणि रात्री त्याला नेहमीसारखं वाढते. तिला कळलंय हे त्याला कळलेलं नाही. इथून पुढची शंभर पानं चालतात.

खोटं क्रियापदात लपवा

नवशिक्या लेखकाचा गैरसमज असतो की वाचकापासून माहिती दडवली की रहस्य तयार होतं. निवेदक स्वतः खिडकीपाशी उभा असताना ‘खिडकीपाशी कोणीतरी होतं’ असं लिहिलंत, तर वाचक शेवटी पुस्तक भिंतीवर मारील. पात्रानं खोटं बोलावं, स्वतःची समजूत घालावी, अर्धंच सांगावं. पण पुन्हा वाचताना प्रत्येक वाक्याचा खरा अर्थ लागला पाहिजे.

मराठीत याची सोय आयती आहे. ‘कप फुटला’ आणि ‘मी कप फोडला’, ‘पैसे संपले’ आणि ‘मी पैसे संपवले’, ‘उशीर झाला’ आणि ‘मी उशीर केला’. लपवणारं पात्र कायम पहिल्या घरातलं क्रियापद निवडतं. ही सवय पहिल्या प्रकरणापासून लावा आणि त्याच्या तोंडी एकदाच, पस्तिसाव्या प्रकरणाच्या आसपास, दुसरं क्रियापद येऊ द्या. वेगळ्या कबुलीजबाबाची गरज उरत नाही.

अनामिक निवेदकाची प्रकरणं मात्र मराठीत जपून लिहावी लागतात. इंग्रजीत ‘मी’ बाई की पुरुष हे पुस्तकभर झाकता येतं. आपल्याकडे ‘गेलो’ की ‘गेले’ यावर पहिल्याच ओळीत बिंग फुटतं. वाट आहे, पण चिंचोळी. सकर्मक भूतकाळ लिंग दाखवत नाही: ‘मी दार लावलं, किल्ली घेतली.’ ‘मला दिसलं’, ‘माझ्या लक्षात आलं’ चालतं. भविष्यकाळ चालतो (‘मी जाईन’), जुन्या वळणाचं ‘मी जात असे’ही चालतं. साधा वर्तमानकाळ (‘मी जातो’, ‘मी जाते’) वर्ज्य. आणि इथे पाय घसरतो: बोलणे, विसरणे, शिकणे, पिणे ही क्रियापदं कर्म घेऊनही कर्त्याप्रमाणेच चालतात. ‘मी किल्ली विसरलो’ लिहिलंत की संपलं. ‘किल्ली विसरली गेली’ तर त्याहून वाईट, कृत्रिमपणा लगेच दिसतो. ‘किल्ली घरीच राहिली’ म्हणा. ‘एकटा-एकटी’, ‘दमलेला-दमलेली’ ही विशेषणंही शोधून काढा. असं प्रकरण चारशे-पाचशे शब्दांपलीकडे नेऊ नका. त्यानंतर भाषा आखडते आणि वाचकाला कसरत दिसू लागते.

याच व्याकरणातून एक सुंदर सुगावाही मिळतो. नवरा गच्चीत फोनवर बोलतोय, बायकोला एकच बाजू ऐकू येते. ‘तू आलास’ किंवा ‘तू आलीस’ म्हणाला असता तर पलीकडे कोण आहे ते कळलं असतं. तो मात्र ‘कधी येशील?’, ‘तूच सांगितलंस ना’ असंच बोलतो, एकही लिंगदर्शक रूप तोंडातून जाऊ देत नाही. अकरा वर्षं त्याचं बोलणं ऐकणाऱ्या बाईला तो शब्द चुकवतोय हे कळणारच. इंदूरमध्ये यात आणखी एक पदर मिळतो. बाहेरचा व्यवहार हिंदीत, घरचा मराठीत. फोन कुठल्या भाषेत चाललाय यावरूनच पलीकडचं माणूस घरचं की बाहेरचं, याचा अंदाज येतो.

शहर कामाला लावा

राजवाडा आणि पोहे-जिलबी यांचा उल्लेख केला की इंदूर उभं राहत नाही. डबा घेऊन निघालेला माणूस आठ तास कुठे काढेल? बागेत चौकीदार ओळखू लागतो. एमवाय रुग्णालयाच्या व्हरांड्यात मात्र दिवसभर बसलं तरी कोणी विचारत नाही. प्रत्येक जण कोणाचा तरी नातेवाईक असतो. सराफ्यात दिवसा दागिन्यांची दुकानं आणि रात्री खाऊगल्ली. तिथे चोरून भेट ठेवू नका, अर्धं रामबाग भुट्ट्याचा कीस खायला आलेलं असतं. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत, राजवाड्यापाशी चेहरे रंगात बुडतात, पण घरीच होतो म्हणणाऱ्याच्या नखांत रंग उरतो. आणि कचरा! या शहरात ओला, सुका, प्लास्टिक असा तो वेगवेगळा करून सकाळच्या गाडीत द्यावा लागतो. म्हणजे घरातलं कोणीतरी रोज प्रत्येक कागद हाताळतं. फाडलेली पावती लपवण्यासाठी इंदूरइतकं गैरसोयीचं शहर नाही.

कायद्याचं थोडक्यात. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बायकोचा अनैसर्गिक मृत्यू दाखवलात तर हुंडाबळीच्या दिशेनं तपास आणि दंडाधिकाऱ्याची चौकशी ओघानं येते, कादंबरीचा सूरच बदलतो. वर अकरा वर्षं घेतली ती त्यासाठीच. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहिता लागते. खुनाला ३०२ नव्हे, कलम १०३. व्यभिचार २०१८ पासून गुन्हा नाही, त्यामुळे ‘तुला तुरुंगात टाकीन’ ही धमकी पोकळ ठरेल. घटस्फोटाला मात्र तो अजूनही आधार आहे. जोडीदाराचं बोलणं चोरून रेकॉर्ड केलं असेल तर वैवाहिक खटल्यात ते पुरावा म्हणून चालू शकतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२५ चा निर्णय आहे. मध्य प्रदेशात ठाण्याच्या प्रमुखाला ‘टीआय’ (टाउन इन्स्पेक्टर) म्हणतात आणि अकस्मात मृत्यूची नोंद म्हणजे ‘मर्ग कायम’. तिथे पुण्याचा ‘पीआय’ आणलात तर इंदूरचा वाचक तिथेच थांबेल.

लांबी साठ ते पासष्ट हजार शब्द, चाळीसेक प्रकरणं, एकेक पंधराशे ते सतराशेचं. निवेदन नवरा-बायकोचं आळीपाळीनं, पण हट्टानं एक-एक प्रकरण नको. विसाव्याच्या सुमारास पारडं फिरलं की बायकोची सलग तीन येऊ द्या. सापडलेली डायरी, जुळा भाऊ आणि स्मृतिभ्रंश टाळा. पहिला खर्डा झाल्यावर छापून घ्या आणि प्रत्येक खोट्या वाक्याखाली लाल रेघ मारा. पहिल्या शंभर पानांत पंचवीस-तीस रेघा तरी दिसाव्यात. मग चार जणांना वाचायला द्या. ‘आवडली का’ विचारू नका. कितव्या पानावर कोणाचा पहिला संशय आला, एवढंच लिहून द्यायला सांगा. चौघांनीही साठाव्या पानाच्या आत एकच नाव लिहिलं, तर सुगावा काढू नका. तोच सुगावा दुसऱ्याकडेही बोट दाखवेल असा बदला. म्हणजे नखातला रंग नवऱ्याचा, आणि मोरीतल्या बादलीला लागलेला रंग बायकोचा.