एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका: पावसाळ्यात विजेच्या या चुका टाळा

जुलै लागला की कोल्हापुरात भिंतींना ओल चढते, कपडे वाळता वाळत नाहीत आणि नेमका तेव्हाच वायरमन मिळत नाही. मग घरोघरचे हुशार कामाला लागतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा बोर्डातला स्विच, ‘डायरेक्ट’ करणं. सारखी पडते (आपोआप बंद होते), वैताग येतो, म्हणून ती काढून वायरी थेट जोडायच्या. वर ‘एमसीबी हाय की!’ पण एमसीबी, म्हणजे लोड वाढला किंवा शॉर्ट झाला की पडणारा स्विच, वायरिंग वाचवते, माणूस नाही. 16 अँपिअरची एमसीबी पडायला त्याहून जास्त करंट लागतो, माणूस मरायला एक दशांश अँपिअरही पुरतो. घरगुती आरसीसीबी 30 मिलीअँपिअर गळतीलाच सप्लाय तोडते. ती पडतेय याचा अर्थ ती बिघडली असा धरू नका, आधी गळती शोधा.

सगळे प्लग काढा, एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा. मग एकेक एमसीबी वर करत जा. सगळ्या टिकल्या तर एकेक वस्तू लावून बघा. बहुतेकदा गिझरचं कॉइल सापडतं. काहीच न लावता पडत असेल तर वायरिंगमध्ये किंवा गच्चीवरच्या बोर्डात पाणी गेलंय, तिथं वायरमनच हवा. आरसीसीबीवरचं टेस्ट बटण अधूनमधून दाबा. दाबूनही पडली नाही तर बदला.

एमसीबी पडते म्हणून 16 च्या जागी 32 ची बसवणारेही आहेत. मग एमसीबी गप्प बसते आणि भिंतीतली वायर तापत राहते.

2000 वॅटचा गिझर जवळपास 9 अँपिअर खेचतो. तो 6 अँपिअरच्या सॉकेटवर चालवू नका. प्लग गरम लागला किंवा पिन काळी पडली, तर सॉकेट बदलायची वेळ झालीय. हीटर रॉड चालू असताना पाणी तापलंय का ते बोट घालून बघायचं नाही, एवढं तरी पाळा.

पेठांतल्या जुन्या घरांत एक गोष्ट हमखास दिसते. खांबावरून आलेली सर्व्हिस वायर पत्र्याच्या कडेला टेकलेली असते. वाऱ्यानं घासून तिचं कव्हर सोलतं, पत्र्यात करंट उतरतो आणि त्याच पत्र्याला कपड्यांची लोखंडी तार बांधलेली असते. तिथं नायलॉनची दोरी बांधा आणि वायर वर घ्यायला महावितरणला 1912 वर कळवा. स्वतः शिडी लावू नका.

पूरपट्ट्यात राहत असाल तर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी 39 फुटांची इशारा रेषा ओलांडतानाच तयारी करा. पाणी दारात यायच्या आधी मेन स्विच बंद, इन्व्हर्टरही बंद. लोक इन्व्हर्टर विसरतात, आणि मेन बंद असूनही बोर्डात वीज राहते. पाण्यात उभं राहून मेनला हात लावायचा नाही. पूर ओसरल्यावर भिंत वरून कोरडी दिसली तरी बोर्ड उघडून सुकवून, वायरमनकडून मेगर (वायरिंगमधली गळती तपासायचं मीटर) लावून घेतल्याशिवाय मेन वर करू नका.