कोकण रेल्वेच्या डिझेल इंजिनांचं फोटोबुक घरच्या घरी कसं करायचं

२०२२ मध्ये रोहा ते ठोकूर सगळ्या लाइनवर तारा आल्या आणि एकेक करत बहुतेक गाड्या इलेक्ट्रिक इंजिनावर गेल्या, म्हणजे तुमच्याकडे किंवा घरातल्या कोणा काका-मामाकडे डिझेलचे फोटो असतील तर तसे आता परत मिळणार नाहीत. त्यांचं पुस्तक करा, फोनमध्ये ठेवून काही उपयोग नाही.

पहिलं काम जुन्या प्रिंट्सचं. आपल्याकडच्या दमट हवेत फोटो अल्बमच्या प्लास्टिकला चिकटतात, ते ओढून काढू नका. बाबांनी रत्नागिरी स्टेशनवर काढलेला एक फोटो मी असाच ओढला आणि इंजिनाचं अख्खं तोंड प्लास्टिकवरच राहिलं, हातात आला तो नुसता पांढरा कागद आणि मागचे दोन डबे. तेव्हापासून चिकटलेला फोटो मी प्लास्टिकसकटच स्कॅन करतो. ४ बाय ६ इंचाची प्रिंट ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केली की लांब बाजूला ३६०० पिक्सेल मिळतात, छपाईला ३०० डीपीआय लागतं, म्हणजे १२ इंचापर्यंत आरामात छापता येते. निगेटिव्ह असेल तर तीच स्कॅन करा, डिटेल जास्त येतं.

आता कॅप्शन, आणि माझ्या मते पुस्तकाचा जीव इथेच आहे. "पावसातली गाडी" असलं काही लिहू नका. इंजिनाचा नंबर, क्लास (म्हणजे प्रकार), शेड (जिथे त्याची देखभाल होते), गाडी, जागा, तारीख एवढं पाहिजेच. शेडचं नाव इंजिनाच्या अंगावर रंगवलेलं असतं, स्कॅन मोठा करून बघा, कल्याण, पुणे, एर्नाकुलम काय ते वाचता येतं. क्लासमधलं डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी डिझेल, मग एम मिक्स्ड, पी पॅसेंजर, जी गुड्स. डब्ल्यूडीएम-२ म्हणजे २६०० हॉर्सपॉवरचं अल्को (अल्को आणि ईएमडी या इंजिनांच्या मूळ अमेरिकन कंपन्या), डब्ल्यूडीएम-३डी ३३०० चं, आणि डब्ल्यूडीपी-४डी हे ४५०० चं ईएमडी, त्याला दोन्ही टोकांना कॅब, म्हणजे ड्रायव्हरची केबिन असते. अल्कोला एकच कॅब, त्यामुळे लाँग हूड (कॅबच्या एका बाजूचा लांब भाग) पुढे आहे की शॉर्ट हूड (दुसऱ्या बाजूचा आखूड भाग) हेपण लिहा, रेल्वेवेडे लोक आधी तेच बघतात. तारीख आठवत नसेल तर फोटोत विजेच्या तारांचे खांब दिसतात का बघा, खांब नाहीत म्हणजे फोटो विजेच्या कामाआधीचा, एवढं तरी नक्की लिहिता येतं.

फोटो लावताना वर्षाप्रमाणे लावण्यापेक्षा लाइनप्रमाणे लावा असं मी सांगेन, रोहा, वीर, चिपळूण, उक्षी, रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडी, मग वाचणारा मांडवी एक्स्प्रेसच्या खिडकीत बसल्यासारखा पानं उलटतो. रोरोला, म्हणजे ट्रक वाहून नेणाऱ्या गाडीला, स्वतंत्र दोन पानं द्या, कोलाड ते वेर्णा वॅगनवर चढवलेले ट्रक आणि पुढे डिझेल असं दृश्य दुसरीकडे कुठे बघायला मिळतं! रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल ६४ मीटर उंच आहे, त्याचा फोटो आडवा कापलात तर खालची दरी जाते आणि पुलाची उंचीच कळत नाही, म्हणून त्याला उभं अख्खं पान. दोन पानांवर पसरलेल्या फोटोत इंजिन मधोमध ठेवू नका, कॅब बाइंडिंगच्या घडीत जाते.

छपाईत आपल्याकडे दोन रंग त्रास देतात, रुळांसाठी जांभा खोदून केलेल्या कटिंगचा लाल आणि पावसाळ्यातला हिरवा. लाल भगव्याकडे जातो, हिरवा काळपट होतो आणि त्यात अल्कोचा काळा धूर मिसळला की सगळा चिखल, म्हणून हिरव्याच्या सावल्या आधीच थोड्या उजळ करून द्या. कागद मॅट घ्या, ग्लॉसीवर ट्यूबलाइट चमकते आणि बोटांचे ठसे उठतात. कडेने ३ मिलिमीटर जास्तीची जागा सोडा, ती पानं छाटताना जाते, तिथे इंजिनाचा नंबर येऊ देऊ नका.

नवीन फोटो काढायला जाणार असाल तर प्लॅटफॉर्म नाहीतर रस्त्यावरच्या पुलावरून काढा, रुळात उतरायचं नाही, रेल्वे ॲक्टच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे आणि कटिंगच्या वळणावर गाडी अगदी जवळ आल्यावरच दिसते.

सगळ्या प्रती एकदम छापू नका. आधी एकच मागवा, दिवसाउजेडी खिडकीत बसून एकेक नंबर स्कॅनशी ताडून बघा, चुका दुरुस्त करा आणि मग बाकीच्या सांगा. घरी आल्यावर पुस्तक भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका, पावसाळ्यात भिंत ओल धरते, सिलिका जेलच्या दोन पुड्या घालून बंद डब्यात ठेवा.