स्पीकरमधली घरघर: फिल्टर विकत घेण्याआधी हे करून बघा

ॲम्प्लिफायर चालू आहे, गाणं अजून लावलेलं नाही, तरी स्पीकरमधून घरघर येतेय. लगेच महागडा पॉवर कंडिशनर (घरात येणारी वीज स्वच्छ करणारं यंत्र) शोधायला बसू नका. दोष विजेवर ढकलला जातो खरा, पण पुष्कळदा घोळ उपकरणं एकमेकांना जोडण्यात असतो.

आधी नुसतं ऐका. व्हॉल्यूम हळूहळू वाढवा. घरघर त्याबरोबर वाढली, तर ती व्हॉल्यूमच्या अलीकडून, म्हणजे टीव्ही, लॅपटॉप, प्लेअर यांच्याकडून किंवा त्यांच्या केबलमधून येतेय. वाढली नाही, तर ॲम्प्लिफायरकडे बघा. आवाजाचा पोतही बरंच सांगतो. खर्जातली सलग गुणगुण (५० हर्ट्झ, काही देशांत ६०) हे बहुधा ग्राउंड लूपचं लक्षण. त्याहून वरची, खरखरीत भणभण पॉवर सप्लायकडे किंवा दिव्याच्या डिमरकडे बोट दाखवते. नुसती 'स्स्स' बहुतेक वेळा इलेक्ट्रॉनिक्सची स्वतःची असते. मेन्सवर, म्हणजे घरच्या वीजपुरवठ्यावर, कितीही खर्च केला तरी ती जात नाही.

ग्राउंड लूप म्हणजे दोन उपकरणं दोन वेगळ्या वाटांनी अर्थ झालेली असणं. मग सिग्नलच्या केबलमधल्या तारेभोवतीच्या धातूच्या जाळीतून नको तो प्रवाह वाहतो. शोधायची रीत सोपी आहे. ॲम्प्लिफायर बंद करा, एक इनपुट केबल काढा, पुन्हा चालू करून ऐका. असं एकेक करत जा. टीव्हीला बाहेरून येणारी केबल काढून बघायला विसरू नका, तिचं अर्थिंग भलतीकडेच असतं. लॅपटॉपचा चार्जर काढताच आवाज गेला, तर गुन्हेगार सापडलाच.

उपाय करताना सगळी ऑडिओ उपकरणं एकाच वॉल पॉइंटवरच्या एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणा. एकूण भार त्या पॉइंटला झेपतो ना, तेवढं पाहा. बऱ्याच घरांत एवढ्यावर काम भागतं. नाहीच भागलं, तर ऑप्टिकल केबल वापरा. तिच्यातून फक्त प्रकाश जातो, त्यामुळे लूप तुटतो. ती सोय नसेल तर सिग्नलच्या केबलमध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. तो तारांचा थेट संबंध तोडून फक्त सिग्नल पुढे देतो.

पण अर्थची पिन काढून टाकू नका. घरघर थांबते, हे खरंय. मात्र आत फेजची वायर सुटून धातूच्या खोक्याला लागली, तर अख्खं खोकं जिवंत होतं.

खरखर राहिलीच तर घरातले चार्जर, एलईडी दिवे, डिमर एकेक करून बंद करा. बॅटरीवरचा एएम रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे लावून घरभर फिरवला, तर खट्याळ चार्जरजवळ तो जोरात कडकडतो. असा चार्जर सरळ बदला. केबलवर बसवायच्या फेराइट क्लिपा उच्च वारंवारतेच्या खरखरीला उपयोगी. ५० हर्ट्झच्या गुणगुणीवर त्यांचा काही परिणाम होत नाही. सिग्नलच्या आणि पॉवरच्या केबल शेजारी शेजारी लांबवर नेऊ नका. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात.

घरघर स्पीकरमधून न येता खुद्द ॲम्प्लिफायरच्या खोक्यातून येत असेल, तर ट्रान्सफॉर्मर थरथरतोय. काही हेअर ड्रायर कमी सेटिंगवर विजेच्या लाटेची अर्धीच बाजू वापरतात. त्यामुळे टोरॉइडल (गोल कड्यासारखा) ट्रान्सफॉर्मर गुरगुरू शकतो. ड्रायर बंद करून खात्री करून घ्या. इन्व्हर्टरवरच भणभण येत असेल, तर तो शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे गुळगुळीत लाटेची वीज देणारा, आहे का ते तपासा.

प्लग गरम होणं, सॉकेटमध्ये ठिणगी दिसणं हे बहुधा सैल जोडणीचं काम. तिथे इलेक्ट्रिशियनच बोलवा. फ्रिज सुरू होताना 'टक्' ऐकू येत असेल, तर ऑडिओसाठी वेगळी सर्किट लाइन टाकता येईल का, तेही त्यालाच विचारा.

सर्ज प्रोटेक्टर जरूर लावा, पण विजेच्या झटक्यांपासून उपकरणं वाचवायला. त्याने आवाज सुधारत नाही, आणि झटके खाऊन त्यातला घटक झिजतही जातो. महागड्या पॉवर कॉर्डवर पैसे घालण्यात मला अर्थ दिसत नाही. तिच्या आधी भिंतीतली कितीतरी मीटर साधी वायर आहेच. एवढं करूनही खरखर उरली तरच ईएमआय फिल्टर (विजेतून येणारी उच्च वारंवारतेची खरखर अडवणारा) घ्या, आणि घेताना त्याचं अँपिअर रेटिंग ॲम्प्लिफायरला पुरतंय ना, ते आधी बघा.